मेमरीतील एका बाइटचा शोध

संगणकाच्या मेमरीची घडण मुळातच एका प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देण्याकरिता झालेली असते. अमुक पत्त्यावर काय आहे, असे विचारले असता ती तत्क्षणी उत्तर देते. परंतु अमुक वस्तू कोणत्या पत्त्यावर आहे, असे विचारण्याची सोयच तिच्या तारांत केलेली नसते. आपल्या विदर्भातील पटवाऱ्यास खसरा क्रमांक सांगितला म्हणजे त्या शेतात कोणते पीक उभे आहे, हे तो दप्तर उघडून सांगेल. पण मौज्यात तूर कोठे पेरली आहे असे विचाराल, तर पहिल्या खसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे दप्तर पालथे घातल्यावाचून त्याची सुटका नाही. प्रोसेसरची अवस्था याहून निराळी नाही. एखादा बाइट मेमरीत कोठे पडला आहे हे शोधावयाचे असल्यास एकेक पत्ता घ्यावा, तेथील बाइट उचलावा, हव्या असलेल्या बाइटशी ताडून पाहावा आणि पुढे जावे, एवढाच राजमार्ग त्याला खुला असतो. या मार्गावर प्रत्येक प्रोसेसर आपापल्या चालीने चालतो, आणि ती चाल समजून घेतल्यावाचून लिहिलेला असेंब्ली प्रोग्रॅम वरवर बिनचूक दिसूनही नेमक्या अडचणीच्या जागी दगा देतो.

नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अथवा तंत्रनिकेतनांत मायक्रोप्रोसेसरचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आज ना उद्या भेटतोच. पुष्कळदा तो वहीतून वहीत उतरवला जातो, उत्तर येते, आणि प्रकरण तेथेच दाखल-दप्तर होते. माझ्या मते ज्या थोड्या प्रयोगांतून प्रोसेसरचा खरा स्वभाव कळतो त्यांत याची गणना व्हावी, कारण आज्ञा मोजक्या असूनही पत्ता, मोजणी, तुलना आणि फ्लॅग या चारही बाबी त्यात एकमेकींच्या पायात येतात. व्यवहारातही याची गरज पदोपदी लागते. मजकुराची ओळ कोठे संपली हे पाहण्यासाठी ०डी किंवा ०ए हा बाइट शोधावा लागतो. अक्षरमालिकेचा शेवट शून्य बाइटवर होतो. तारेवरून आलेल्या संदेशात आरंभाची खूण हुडकावी लागते. (हेक्स पद्धतीतील दहा ते पंधरा या अंकांकरिता ए ते एफ ही अक्षरे मी येथे देवनागरीतच लिहीत आहे, प्रयोगशाळेतील प्रोसेसर-किटच्या कळफलकावर ती रोमन असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.)

एकही आज्ञा लिहिण्यापूर्वी काही गोष्टींचा निकाल कागदावर लावून घ्यावा. शोध कोठून सुरू करावयाचा, किती बाइट पाहावयाचे, कोणता बाइट हवा आणि तो सापडल्यास त्याचा पत्ता कोठे ठेवावयाचा, हे तर सर्वांनाच सुचते. न सापडल्यास काय, हे मात्र बहुतेकांना शेवटी आठवते, आणि संख्या मुळातच शून्य असल्यास काय, हे आठवतच नाही. वस्तुतः प्रोग्रॅमची परीक्षा याच दोन जागी होते. न सापडल्याची एक निश्चित निशाणी ठरवून ठेवावी आणि ती अशी असावी की खरा पत्ता म्हणून तिचा भ्रम होऊ नये. साध्या किटवर एफएफएफएफ हा पत्ता रिकामा असल्याने ती खूण म्हणून चालते.

आता उदाहरणाकडे वळू. इंटेल कंपनीचा ८०८५ हा आठ बिटांचा प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला. त्याच्या पत्त्याच्या तारा सोळा, म्हणून त्याची हद्द ६५,५३६ बाइटांची. इतकी वर्षे लोटूनही आपल्याकडील प्रयोगशाळांतून त्याची किट हललेली नाहीत, आणि हलू नयेत असेच माझे मत आहे, कारण हाताने हेक्स भरताना प्रत्येक बाइटाचा जो परिचय होतो तो पडद्यावरील सिम्युलेटरमध्ये सहसा होत नाही. उदाहरणाकरिता आपल्याच शहराचे नाव घेऊ. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली मानक म्हणून ठरलेल्या इस्की या संकेतात जवळजवळ प्रत्येक देवनागरी चिन्हास एकच बाइट दिलेला आहे; त्यामुळे ‘नागपूर’ हा शब्द सी६, डीए, बी५, सी८, डीई, सीएफ अशा सहा बाइटांत मावतो. हे सहा बाइट २०५० या पत्त्यापासून ओळीने ठेवावेत आणि त्यांतील ‘प’, म्हणजे सी८, शोधावा. उत्तर २०५३ यावयास हवे. ज्या किटमध्ये वापरकर्त्याची रॅम ८००० पासून किंवा सी००० पासून सुरू होते, तेथे पुढील पत्ते त्या मानाने बदलून घ्यावेत.

२००० : २१ ५० २० : एलएक्सआय एच, २०५०
२००३ : ०१ ०६ ०० : एलएक्सआय बी, ०००६
२००६ : १६ सी८ : एमव्हीआय डी, सी८
२००८ : ७८ : एमओव्ही ए, बी
२००९ : बी१ : ओआरए सी
२००ए : सीए १७ २० : जेझेड २०१७
२००डी : ७ई : एमओव्ही ए, एम
२००ई : बीए : सीएमपी डी
२००एफ : सीए १ए २० : जेझेड २०१ए
२०१२ : २३ : आयएनएक्स एच
२०१३ : ०बी : डीसीएक्स बी
२०१४ : सी३ ०८ २० : जेएमपी २००८
२०१७ : २१ एफएफ एफएफ : एलएक्सआय एच, एफएफएफएफ
२०१ए : २२ ६० २० : एसएचएलडी २०६०
२०१डी : ७६ : एचएलटी

एचएल या जोडीत चालू पत्ता, बीसी जोडीत उरलेली संख्या आणि डी रजिस्टरमध्ये हवा असलेला बाइट, अशी ही वाटणी आहे. हवा असलेला बाइट ए रजिस्टरमध्येच का ठेवू नये, असे विद्यार्थी हमखास विचारतो; आणि तसे ठेवून सीएमपी एम या एकाच आज्ञेने मेमरीशी तुलना करता येते, हेही खरे आहे. अडचण आहे ती मोजणीत. डीसीएक्स बी ही आज्ञा बीसीमधून एक वजा करते. परंतु त्या वजाबाकीची वार्ता झीरो फ्लॅगपर्यंत पोचवीत नाही, यास्तव तिच्या पाठोपाठ जेएनझेड लिहून काहीही निष्पन्न होत नाही. जेएनझेड पाहतो तो जुनाच फ्लॅग, जो आधीच्या तुलनेत बसलेला असतो. बीसी शून्य झाले की नाही हे जाणण्याकरिता बी रजिस्टर ए मध्ये आणून त्याचा सीशी ऑर करावा लागतो, आणि या खटाटोपात ए मधील पूर्वीचे बिऱ्हाड उठते. म्हणून शोधावयाचा बाइट डीमध्ये सुरक्षित ठेवावयाचा. आयएनएक्स एच हीसुद्धा फ्लॅगांना हात लावीत नाही. येथे ते आपल्या पथ्यावरच पडते.

दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब अशी की संख्या शून्य झाली का, ही तपासणी लूपच्या माथ्यावर आहे, पायथ्याशी नाही. ती पायथ्याशी ठेवली, तर आरंभीच संख्या शून्य दिली असता प्रोग्रॅम एक बाइट तपासून बसतो, मग शून्यातून एक वजा करून एफएफएफएफवर जातो आणि सगळ्या मेमरीची प्रदक्षिणा करून येतो. २०१७ पासूनची रचनाही अशीच जाणून केलेली आहे. न सापडल्यास एचएलमध्ये एफएफएफएफ भरून प्रोग्रॅम खाली ओघळतो, आणि सापडल्यास थेट २०१ए वर उडी मारतो. एसएचएलडी ही आज्ञा दोन्ही वाटांना सामाईक राहते.

किटवर बसताना काही व्यावहारिक काळजी घ्यावी. पडद्यावर तांबडे सहा आकडे उमटतात. त्यांतील डावीकडचे चार पत्त्याचे, उजवीकडचे दोन बाइटाचे. सात दांड्यांच्या त्या अंकरचनेत बी हे अक्षर लहान लिपीतले दिसते आणि ६ या अंकापासून त्याचे वेगळेपण केवळ माथ्यावरील एका आडव्या दांडीवर अवलंबून असते. त्यामुळे ०बी भरला की ०६ भरला, याचा उलगडा मान वाकवून पाहिल्याशिवाय होत नाही. उडीच्या पत्त्यात धाकटा बाइट आधी आणि थोरला नंतर, हा क्रम चुकल्यास प्रोग्रॅम २००८ ऐवजी ०८२० वर, म्हणजे पुष्कळदा मॉनिटर प्रोग्रॅमच्या रॉममध्ये, जाऊन पडतो आणि पडद्यावर काय दिसेल याचा नेम राहत नाही. एचएलटीने प्रोसेसर थांबल्यावर रिसेटची कळ दाबावी. तिने रॅममधील मजकूर पुसला जात नाही. मग २०६० आणि २०६१ हे पत्ते उघडून पाहावेत. पहिल्यात ५३ आणि दुसऱ्यात २० आढळल्यास उत्तर २०५३ आले असे समजावे. मॉनिटर प्रोग्रॅम स्वतःच्या कारभाराकरिता रॅमचा शेवटाकडील थोडा भाग वापरतो. तेथे आपली सामग्री ठेवू नये.

एवढ्यावर समाधान मानून उठू नये. सापडावयाचा बाइट पहिल्याच जागी असताना, अगदी शेवटच्या जागी असताना, मुळीच नसताना, आणि दोनदा असताना प्रोग्रॅम काय करतो, हे एकेक करून पाहावे; आणि २००४ या पत्त्यावरील ०६ च्या जागी ०० भरून शून्य संख्येचीही परीक्षा घ्यावी. शेवटच्या जागेची परीक्षा विशेष महत्त्वाची आहे, कारण मोजणीत एकाचा घोळ असेल तर तो तेथेच उघडकीस येतो.

वेळेचा हिशेब करण्याची सवयही याच प्रयोगात लावून घ्यावी. न जुळणाऱ्या प्रत्येक बाइटामागे वरील लूप ५५ टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, खर्च करतो: चार, चार, सात, सात, चार, सात, सहा, सहा आणि दहा. ६.१४४ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेल्या किटवर प्रोसेसरचे घड्याळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झने चालते. त्यानुसार एका बाइटास सुमारे १८ मायक्रोसेकंद आणि ६५,५३५ बाइटांस सव्वा सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. शोधाचे क्षेत्र २५६ बाइटांच्या आत असल्यास मात्र मोठी काटकसर करता येते. संख्या एकट्या सी रजिस्टरमध्ये ठेवून डीसीआर सी वापरावी. ही आज्ञा झीरो फ्लॅगची दखल घेते, त्यामुळे ए रजिस्टर मोकळे राहते, हवा असलेला बाइट त्यातच ठेवता येतो, आणि सीएमपी एम, जेझेड, आयएनएक्स एच, डीसीआर सी, जेएनझेड एवढ्या पाच आज्ञांत ३४ टी-स्टेटमध्ये काम उरकते. अर्थात येथे तपासणी पायथ्याशी गेल्याने शून्य संख्येचा अर्थ २५६ असा होतो, हे टिपून ठेवावे. जाता जाता हेही सांगावयास हरकत नाही की डीसीएक्सने शून्याखाली उतरताना बदलणारा एक फ्लॅग आणि त्यावर उडी मारणाऱ्या आज्ञा ८०८५ मध्ये आहेत; परंतु निर्मात्याने आपल्या पुस्तिकेत त्यांची वाच्यता केलेली नाही. कुतूहल म्हणून त्या चालवून पाहाव्यात. परीक्षेत वा कामात त्यांवर भिस्त ठेवू नये.

ज्या १९७६ साली ८०८५ आला, त्याच साली झायलॉग कंपनीचा झेड८० हाही आला. ८०८५ वर ज्या कामास नऊ आज्ञांचे आवर्तन लागले, ते झेड८० एका आज्ञेत करतो. तिचे नाव सीपीआयआर आणि तिचे हेक्स ईडी बी१. एचएलमध्ये पत्ता, बीसीमध्ये संख्या आणि ए मध्ये बाइट ठेवून ही आज्ञा दिली की जुळणी होईपर्यंत किंवा बीसी संपेपर्यंत प्रोसेसर स्वतःच फेऱ्या मारीत राहतो. प्रत्येक फेरीस २१ टी-स्टेट, शेवटच्या फेरीस १६. सोय मोठी, पण तिचे करारपत्र बारकाईने वाचावे. जुळणी झाल्यावरही एचएल एक पाऊल पुढे गेलेला असतो, म्हणून खरा पत्ता हवा असल्यास त्यातून एक वजा करावा. बीसी संपला याचा अर्थ बाइट सापडला नाही असा होत नाही; तो शेवटच्या जागी सापडला असेल तरीही बीसी शून्यच असतो. निवाडा झीरो फ्लॅगवरच करावा. आणि आरंभीच बीसी शून्य असेल, तर झेड८० त्याचा अर्थ ६५,५३६ असा घेतो. ८०८५ वरून झेड८० वर येणाऱ्यास आणखी एक खड्डा आहे: ८०८५ मधील सीपीआय ही आज्ञा ए ची तुलना तिच्यासोबत दिलेल्या बाइटाशी करते, तर झेड८० मध्ये हेच नाव मेमरीशी तुलना करून पत्ता पुढे नेणाऱ्या आज्ञेस दिलेले आहे. जुन्या वहीतील प्रोग्रॅम उतरवताना नावावर न जाता हेक्सवर जावे.

इंटेलने १९७८ साली काढलेल्या ८०८६ मध्ये याच कल्पनेचे अधिक सुबक रूप दिसते. तेथे एससीएएसबी ही आज्ञा एएलमधील बाइटाची तुलना ईएस आणि डीआय यांनी दाखवलेल्या पत्त्याशी करते आणि डीआय पुढे सरकवते. तिच्या आधी आरईपीएनई हा उपसर्ग लावला की जुळेपर्यंत किंवा सीएक्स संपेपर्यंत पुनरावृत्ती होते. मूळ ८०८६ वर प्रत्येक फेरीस १५ क्लॉक लागतात. आज्ञांचा क्रम असा ठेवावा: एमओव्ही एएक्स, २०००, एमओव्ही ईएस, एएक्स, एमओव्ही डीआय, ००५०, एमओव्ही सीएक्स, ०००६, एमओव्ही एएल, सी८, सीएलडी, जेसीएक्सझेड नाही, आरईपीएनई एससीएएसबी, जेएनई नाही, डीईसी डीआय. यातील ‘नाही’ हे न सापडल्याच्या वाटेचे लेबल.

या क्रमात प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे असण्याला कारण आहे. ईएसमध्ये संख्या थेट भरता येत नाही, ती एएक्समार्फत न्यावी लागते. एएल हा एएक्सचाच धाकटा अर्धा असल्यामुळे शोधावयाचा बाइट त्यात आधी भरला तर ईएसच्या तजविजीत तो पुसला जातो. एससीएएसबी डीएस सेगमेंट पाहत नाही, केवळ ईएस पाहते, आणि यात फेरफार करण्याची मुभा नाही. डीएस नीट भरून ईएस विसरणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात, आणि त्यांचा प्रोग्रॅम भलत्याच सेगमेंटमध्ये इमानेइतबारे शोध घेत राहतो. सीएलडीने दिशा चढती ठरते. उलट दिशेने शोधावयाचे असल्यास एसटीडी द्यावी, मात्र काम होताच सीएलडीने दिशा पूर्ववत करावी, कारण पुढचा कोड ती चढतीच आहे असे गृहीत धरून चालतो. जेसीएक्सझेडचे प्रयोजन सूक्ष्म आहे. सीएक्स शून्य असता ८०८६ झेड८० प्रमाणे सारी मेमरी फिरत नाही, तर एकही फेरी करीत नाही. पण त्यामुळे झीरो फ्लॅगही आधी होता तसाच राहतो, आणि पूर्वीच्या एखाद्या आज्ञेने तो उभा केलेला असल्यास काहीही न शोधता ‘सापडला’ असा खोटा दाखला मिळतो.

इतर घराण्यांची फक्त ओळख करून देतो. ६५०२ मध्ये एवढी मोठी आज्ञा नाही. परंतु तेथील आयएनवाय झीरो फ्लॅग बदलते, त्यामुळे लूप आटोपशीर होतो, आणि वाय रजिस्टर आठच बिटांचे असल्याने दर २५६ बाइटांनंतर पत्त्याचा थोरला बाइट हाताने वाढवावा लागतो. १९८० चा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर तुलना आणि उडी सीजेएनई या एकाच आज्ञेत करतो व मोजणी आणि उडी डीजेएनझेडमध्ये. आतील रॅम शोधण्यास या दोन आज्ञा आणि एक आयएनसी पुरतात. एआरएममध्ये बाइट उचलतानाच पत्ता पुढे नेण्याची सोय आहे, तुलना मात्र वेगळीच करावी लागते.

आता आजच्या संगणकाकडे पाहू. आरईपीएनई एससीएएसबी आजही आपल्या टेबलावरील यंत्रात चालते. परंतु ती चालते म्हणून चालवावी असे नाही, कारण निर्मात्यांनी मेमरी हलवणाऱ्या आज्ञांना जी गती दिली ती हिच्या वाट्यास बहुधा आली नाही, आणि साध्या आज्ञांचा नीट रचलेला लूप तिला मागे टाकतो. खरी बढती मिळते ती एका वेळी एकाहून अधिक बाइट तपासण्यात. अनेक हातांनी एकच काम वाटून घेण्याची ही कल्पना नागपूरकरांना परकी वाटू नये. येथील विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे, माजी विद्यार्थी विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली उभा केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक प्रोसेसरांत काम वाटूनच चालत असे. आपल्या कामी तेवढा सरंजाम लागत नाही. एका प्रोसेसरच्या एका रजिस्टरातही वाटणी करता येते.

विशेष आज्ञा नसलेल्या बत्तीस बिटांच्या प्रोसेसरवर चार बाइट एकदम उचलावेत आणि हवा असलेला बाइट चारदा लिहून बनवलेल्या संख्येशी त्यांचा एक्सऑर करावा. जेथे जुळणी असेल तेथे शून्य बाइट उरेल. मग या उत्तरातून ०१०१०१०१ वजा करावे, आलेल्या संख्येचा मूळ उत्तराच्या उलट्या बिटांशी अँड करावा आणि शेवटी ८०८०८०८० शी अँड करावा. निष्कर्ष शून्य आला तर चारांत जुळणी नाही. शून्येतर आला तर कोठे तरी आहे. ही युक्ती ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८७ साली जाहीर केली. तिच्यात एक खोच आहे. शून्य बाइटाच्या लगत वरच्या बाजूस ०१ हा बाइट असेल, तर वजाबाकीतील हातच्यामुळे त्याच्याही नावावर खूण उमटते. म्हणून सर्वांत खालची खूण तेवढी विश्वासार्ह मानावी, वरच्या खुणांवर निर्णय देऊ नये. धाकटा बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रांवर खालची खूण हीच मेमरीतील पहिली जुळणी असते, त्यामुळे बाध येत नाही.

पेंटियम ४ बरोबर आलेल्या एसएसई२ या आज्ञासंचात याहूनही सरळ मार्ग आहे. पीसीएमपीईक्यूबी सोळा बाइटांची सोळा बाइटांशी एकदम तुलना करते, पीएमओव्हीएमएसकेबी त्या निकालाचे सोळा बिट साध्या रजिस्टरात आणते, आणि बीएसएफ त्यांतील पहिला उभा बिट कोणता हे सांगते. येथे एकच पथ्य कडक आहे. सोळा बाइट वाचताना आपल्या क्षेत्राच्या पुढचेही काही बाइट वाचले जातात, आणि ते मेमरीच्या परवानगी नसलेल्या पानावर असल्यास ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला जागच्या जागी संपवते. परंतु पान ४,०९६ बाइटांचे असते आणि ४,०९६ ला सोळाने निःशेष भाग जातो. म्हणून सोळाच्या पटीतील पत्त्यावरून वाचलेला तुकडा कधीही पानाची हद्द ओलांडीत नाही. वाचन नेहमी अशा पत्त्यावरून करावे आणि क्षेत्राबाहेरच्या बिटांचा निकाल मागाहून गाळावा. सी भाषेच्या लायब्ररीतील मेमसीएचआर ही फंक्शन आतून बहुधा याच तोडीचे काम करते. तेव्हा ज्याला शिकावयाचे नसून काम उरकावयाचे आहे, त्याने तिलाच बोलवावे आणि हाताने असेंब्ली लिहिण्याचा हव्यास धरू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. लायब्ररीच नसलेल्या छोट्या कंट्रोलरवर, किंवा मोजमाप करून उणीव सिद्ध झाल्यावर, जरूर लिहावे.

सगळीच मेमरी चाळावयाचा प्रसंग आल्यास मात्र सावध असावे. वरील ८०८५ च्या प्रोग्रॅमने ०००० पासून शोध घेतल्यास, रॉममध्ये सी८ नसला तरी, २००७ या पत्त्यावर जुळणी होईल. कारण एमव्हीआय डी बरोबर दिलेला सी८ तेथेच बसलेला आहे, आणि शोध घेणारा स्वतःलाच सापडतो. काही किटमध्ये पत्त्यांची ओळख अपुरी केलेली असते, त्यामुळे एकच रॅम अनेक पत्त्यांवर दिसते आणि एका बाइटाच्या अनेक जुळण्या मिळतात. रिकाम्या पत्त्यावर पुष्कळदा एफएफ वाचला जातो, म्हणून एफएफचा शोध अशा ठिकाणी व्यर्थ आहे. आणि जेथे उपकरणांची रजिस्टरे मेमरीच्याच पत्त्यांवर मांडलेली असतात, तेथे तर नुसते वाचणेही निरुपद्रवी नसते: सीरियल पोर्टचे रजिस्टर वाचले की त्यातील अक्षर खर्ची पडते, आणि ज्याच्यासाठी ते आले होते तो प्रोग्रॅम वाट पाहत राहतो.

राहिली देवनागरीची बाब. इस्कीत एका चिन्हास एक बाइट हा सरळ हिशेब होता. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि ‘नागपूर’ सहाऐवजी अठरा बाइट व्यापते. त्यात ‘प’ म्हणजे ई० ए४ एए. पहिला बाइट ई० शोधण्यात अर्थ नाही, तो प्रत्येक चिन्हाच्या आरंभी आहे. मधला ए४ शोधण्यातही नाही, कारण ‘त’ हे अक्षर तर ई० ए४ ए४ असे असल्याने तेथे तो दोनदा सापडतो. शोध शेवटच्या एएचा करावा आणि जुळणी होताच दोन पावले मागे पाहून ई० आणि ए४ आहेत याची खातरजमा करावी. ही खातरजमा टाळता येत नाही. कारण ४ या देवनागरी अंकाचे बाइट ई० ए५ एए असे आहेत. ‘नागपूर ४४०००१’ असा पत्ता लिहिलेला असेल, तर एए तीन जागी मिळेल आणि त्यांतील एकच ‘प’ असेल. मागे पाहताना क्षेत्राच्या आरंभापलीकडे जाऊ नये, यास्तव शोध पहिल्या बाइटापासून न करता तिसऱ्यापासून करावा आणि संख्येतून दोन वजा करावे. आणि मूळ संख्याच तिनाहून कमी असेल, तर ती वजाबाकी करण्यापूर्वीच ‘नाही’च्या वाटेने बाहेर पडावे.